फुकट वाचक मंडळाचा एकमताने मंजूर ठराव

स्टेशन रोड, ओसोग्बो
गुरुवार दुपार (वीज नाही)

चि. मोजिरादे हिला लामिदीकाकाचे पोटभर आशीर्वाद.

तिथल्या थंडीचा नमस्कार, रात्रपाळीचा नमस्कार, बसथांब्यावर ताटकळण्याचा नमस्कार, आणि परक्यांच्या म्हाताऱ्या आईबापांना उचलून कुशीवर वळवण्याचा नमस्कार. (आपल्यात प्रत्येक कष्टाला त्याचा त्याचा नमस्कार असतो. तिकडे सगळं एका ‘हॅलो’वर भागवतात असं ऐकतो, म्हणून सहा महिन्यांचे एकदम पाठवतोय. एखादा राहिला असेल तर तुझा तू घालून घे.) तू खुशाल असशील. मागच्या फोनला तुझा आवाज चिरका आला, तो सर्दीने की यंत्राने, ते कळव. माझं म्हणशील तर दोन गुडघे, एक डोळा आणि सरकार सोडून बाकी सगळं ठीक आहे. तुझी काकूही बरी आहे. गेले चार दिवस ती माझ्याशी बोलत नाही, पण ते पुढे ओघात येईल. आणि फोन सोडून पत्र का, असं मनात आणू नकोस. मला हल्ली फोन मोठ्याने लावल्याशिवाय ऐकू येत नाही, आणि मोठ्याने लावला की तू विचारलेल्याचं उत्तर आधी समोरचा शिंपी देतो, मग त्याची बायको, आणि माझी पाळी येईपर्यंत पैसे संपतात.

आता मूळ गोष्ट. तुझ्या फातोकीकाकाची वाचा गेली. आज बारा दिवस झाले. उजवा हात, उजवा पाय आणि तोंडाची उजवी बाजू यांतलं काही त्याचं ऐकत नाही. डोळे मात्र सगळीकडे फिरतात. डॉक्टर म्हणतात, जगेल बहुतेक, पण बोलेल की नाही हे आत्ता सांगता येत नाही. ज्या माणसाने तुला सहा वर्षांची असताना मालगाडीच्या गार्डाच्या डब्यात बसवून इबादान दाखवून आणलं, आणि वाटेत प्रत्येक स्टेशनाचं नाव तुझ्याकडून पाठ करून घेतलं, तो आता ‘पाणी’ म्हणू शकत नाही. तू तिकडे अशाच रुग्णांच्या वॉर्डात काम करतेस, म्हणून हे तुला आधी कळायला हवं होतं. उशीर झाला, माफ कर.

हे कसं झालं ते समजायचं तर तुला आपलं मंडळ आठवायला हवं. सिदीच्या आईचा पेपरचा ठेला तू पाहिलायस, जुन्या स्टेशनच्या भिंतीला लागून. पेपर दगडाखाली मांडून ठेवलेले, आणि भोवती आम्ही पंधरा-वीस जण, ज्यांनी आयुष्यात पेपर विकत घेतला नाही पण एकही मथळा चुकवला नाही. तू गेल्यानंतर आम्ही त्याला रीतसर रूप दिलं. नाव ‘फुकट वाचक मंडळ’. अध्यक्ष अल्हाजी बुसारी, लाकडाच्या वखारीवाले. शिस्तप्रमुख मी. (कोर्टात एकतीस वर्षं कारकुनी केली, ‘शांतता’ म्हणण्यात माझा हात कोण धरणार? कोर्टाची पितळी घंटा निवृत्तीच्या दिवशी चुकून माझ्या पिशवीत आली होती, ती आता मंडळाच्या कामी येते.) नियम चारच. ज्याला बोलायचंय त्याने हात वर करायचा, मी त्याचं नाव आणि वेळ वहीत लिहिणार, पाळी आली की घंटा. बोलायला तीन मिनिटं, त्याआधी ‘माननीय शिस्तप्रमुख’ म्हणायचं. पाळीशिवाय तोंड उघडलं तर दंड, म्हणजे सगळ्यांसाठी पाण्याच्या पाउचची एक गोणी. आणि चौथा, सगळ्यात महत्त्वाचा: फुटबॉल शेवटी. एकदा फुटबॉल सुरू झाला की देशाचे बाकीचे प्रश्न तसेच राहतात, असा अनुभव आहे. (आधी घेतले तरी तसेच राहतात, पण निदान चर्चा झालेली असते.) सिदीच्या आईचं मत असं की जी माणसं हात खिशात ठेवून पेपर वाचतात त्यांनी पेट्रोलच्या दरावर बोलू नये. पण ती मंडळाची सदस्य नाही, त्यामुळे तिचं मत वहीत घेता येत नाही.

या चौथ्या नियमाचा एकच गुन्हेगार, फातोकी. चौतीस वर्षं रेल्वेत गार्ड होता, अजून टोपी घालून येतो. गाड्या बंद पडल्या, पगार थकले, रुळांवर बायका कसाव्याचे कंद वाळत घालायला लागल्या, त्याबद्दल हा गडी कधी चकार शब्द काढत नाही. पण गोलकीपर डावीकडे का झुकला यावर बोलायला पहाटे उठून येतो. विषय पेट्रोलचा असो, अपहरणाचा असो, मास्तरांच्या संपाचा असो, हा हात वर करणार. मी नाव लिहिणार, पाळी देणार, आणि हा म्हणणार, माननीय शिस्तप्रमुख, या सगळ्याचं मूळ कालच्या कॉर्नर किकमध्ये आहे. सगळे हसणार, अल्हाजी चिडणार, मी दंड लावणार. अल्हाजी बोलायला उभे राहिले की हा कोलाची कडू बी गालात धरून त्यांच्याकडे बघून तोंड वेडंवाकडं करायचा, तेही रोजचंच. बारीक पोरांसारखे भांडतात दोघे, सत्तरी उलटली तरी. एवढं असून पाऊस लागला की अल्हाजी स्वतःची छत्री त्याच्या डोक्यावर धरून त्याला घरी सोडणार.

तर गेल्या नव्हे, त्याच्या आदल्या शनिवारी. शुक्रवारी आपल्या संघाने आपल्याच मैदानावर एका चिमुकल्या बेटाशी बरोबरी केली होती. त्या बेटाचा गोलकीपर आठवडाभर टपाल वाटतो म्हणे. गावात सुतक पडल्यासारखं होतं. शिव्या द्यायलाही कोणाला जोर नव्हता. फातोकी सगळ्यांच्या आधी येऊन बाकाच्या टोकाला, भिंतीला टेकून बसला होता. पण मी ठरवलं होतं की आज काही झालं तरी क्रम मोडायचा नाही. विषय पहिला पेट्रोल, तो लौकर आटोपला, कारण त्यावर बोलण्यासारखं आता काही उरलेलंच नाही. विषय दुसरा, दवाखान्यात माणसं का मरतात. कोण्या मंत्र्याने म्हटलं होतं की डॉक्टर-नर्सेस परदेशी जातात यात चिंतेचं कारण नाही. त्यावर अल्हाजींचं मत पडलं की जाणाऱ्यांच्या आईबापांना विमानतळावर ओलीस ठेवावं. पंक्चरवाल्या इफेआदीचं मत, मंत्र्यांना परदेशी दवाखाने बंद केले तर इथले आपोआप सुधारतील. (हे मत दर महिन्याला कोणीतरी मांडतं आणि दर महिन्याला टाळ्या पडतात.) मीही दोन शब्द बोललो. मग ठराव झाला: सरकारने नागरिकांच्या आरोग्याकडे विनाविलंब लक्ष द्यावे. एकमताने मंजूर. मग फातोकीने हात वर केला आणि लगेच बाकावरून खाली आला.

पुढचं सगळं सरकारच्या माथी मारता येईल असं आहे. इफेआदीच्या मेहुण्याची व्हॅन पेट्रोलच्या रांगेत होती, आदल्या संध्याकाळपासून. पुढे चारच गाड्या. त्याला म्हटलं, बाबा, माणूस मरतोय, चल. तो म्हणाला, मी निघालो तर माझा नंबर कोणाच्या बापाचा? गाडी तशीही कोरडी आहे, भरल्याशिवाय दवाखाना दूरच, वळणही गाठणार नाही. त्याचंही काही चूक नव्हतं. तेवढ्यात कळलं की त्या रांगेचंही एक मंडळ आहे, त्याचाही अध्यक्ष आहे आणि त्याच्याकडेही वही आहे. उचलून आणलेल्या फातोकीला आम्ही रांगेशेजारी पुठ्ठ्यावर निजवलं, आणि मी रीतसर त्या अध्यक्षाकडे अर्ज केला की रुग्ण असल्याने या गाडीला आधी पेट्रोल मिळावं. त्याने रांगेला विचारलं. रांगेत रुग्ण अजून दोन निघाले. एकाचं मत पडलं की म्हाताऱ्याला कालच्या मॅचनेच खाल्लं, माझ्या सासऱ्यालाही अशीच भोवळ आली. दुसरा म्हणाला, कोचला आधी हाकला. तिसरा म्हणाला, कोच काय करील, खेळाडूंचे भत्ते कोण गिळतं ते बघा. फातोकीच्या डोक्यावरून अशी मतं इकडून तिकडे जात होती आणि तो डोळे उघडे ठेवून ऐकत होता. शेवटी एका बाईने, तिच्या पाठीला तापाने फणफणलेलं मूल बांधलेलं होतं, स्वतःच्या डब्यातलं पेट्रोल व्हॅनमध्ये ओतलं. ती काहीच मत न देता परत रांगेत जाऊन उभी राहिली. मी तिचं नाव विचारायला हवं होतं.

दवाखान्यात पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. फाटकावरच्या रखवालदाराने आधी विचारलं, मॅच बघितली का. आतल्या बाईने विचारलं, फाइल आहे का, कारण फाइल नसली तर रुग्ण आलाच नाही असं धरतात. फाइलचा कागद बाहेरच्या टपरीवर मिळतो, हातमोजे त्याच्या शेजारच्या टपरीवर. (अल्हाजी या वयात धावत गेले. लुंगी सांभाळत धावणारा अध्यक्ष मी पहिल्यांदा पाहिला.) भिंतीवर डॉक्टरांच्या नावांची पाटी आहे, बावीस नावं, त्यातल्या एकोणिसांवर खडूची रेघ. उरलेल्या तिघांपैकी जो आला तो तुझ्यापेक्षाही लहान असेल, डोळ्यांखाली काळं, बोलायला मऊ. त्याने फातोकीला हसायला सांगितलं, हात उचलायला सांगितलं, मग आमच्याकडे वळून विचारलं, पहिलं काही कधी दिसलं? तोंड वाकडं, बोलणं जड, हात जड, यातलं पहिलं काहीही, किती वाजता? सगळे माझ्याकडे बघायला लागले. मंडळात वेळ मीच लिहितो ना. मी म्हटलं, नऊ पस्तीस. त्याने लिहून घेतलं. मग म्हणाला, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन असतं बाबा, पण ते पहिल्या काही तासांत द्यावं लागतं, आणि आमच्याकडे ते नाहीच. मी म्हटलं, मग वेळ कशाला विचारलीत? तो म्हणाला, फॉर्मवर रकाना आहे. तेवढ्यात वीज गेली.

त्या दिवसापासून दोषी कोण यावर सगळ्या गल्लीला मत आहे. उचलली जीभ लावली टाळ्याला. अल्हाजी म्हणतात सरकार. इफेआदी म्हणतो पेट्रोल. शिंपी म्हणतो गोलकीपर, कारण तो डावीकडे झुकला नसता तर फातोकी रात्री झोपला असता. शिंप्याची बायको म्हणते मीठ. इमाम म्हणतात लिहिलेलं होतं. पास्टर म्हणतो कोणीतरी करणी केली आणि कोणी ते त्याला माहीत आहे. तुझं नावही एकदा निघालं होतं, खोटं कशाला सांगू, की मोजिरादे इथे असती तर. मी घंटा वाजवून ते बंद केलं. मी प्रत्येकाच्या मताला मान डोलावतो. सगळी मतं खरी आहेत, हीच तर पंचाईत आहे.

फातोकीच्या घरच्या अबेनीवहिनी मात्र मत देत नाहीत. रोज अमालाचा मऊ गोळा आणि भाजीचा रस्सा घेऊन येतात, त्याला चार घास भरवतात, अर्धं गळ्यावरून ओघळतं ते पुसतात, उरलेलं मला देतात. (मी खातो. नाही म्हटलं तर त्यांना वाईट वाटतं, आणि खाल्लं की मला.) तिसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, भाऊजी, तुम्ही शेजारीच होतात ना, शेवटचं काय बोलले हो ते? मी म्हटलं, काही नाही वहिनी, लगेच पडला. त्यांनी मान हलवली. चव्वेचाळीस वर्षं तो माणूस घरात बडबडला, म्हणाल्या, तेव्हा मी लक्ष दिलं नाही, आता शेवटचं वाक्य कुठे शोधू. मग पाचव्या दिवशी सकाळी त्या ठेल्यावर आल्या, डोक्यावर पाण्याच्या पाउचची अख्खी गोणी. सिदीच्या आईच्या फळ्यावर खडूने फातोकीचा दंड लिहिलेला त्यांनी पाहिला होता. त्याच्या नावावर काही राहायला नको, म्हणाल्या, असल्या दुखण्यात बरं नाही ते. अल्हाजींनी विचारलं, हा दंड कधीचा? मी म्हटलं, जुना आहे. गोणी अजून तिथेच भिंतीला लावून ठेवलीय. उन्हाने सगळ्यांचे घसे सुकतात, पण कोणी पाउच फोडत नाही.

असो. मंडळाने आता नवा ठराव केलाय, की ठेल्यावर रक्तदाब मोजायचं यंत्र असावं आणि सभेआधी सगळ्यांचा मोजावा. बैल गेला आणि झोपा केला, पण झोपा तर झोपा. तिकडे तसली यंत्रं स्वस्त मिळतात असं इफेआदीला कोणीतरी सांगितलंय. तुला जमेल तेव्हा, कोणी येणारं असेल त्याच्या हाती पाठव. थंडीत कान झाकत जा. नमाज चुकवू नकोस. तिथल्या लोकांनी आपल्या देशाबद्दल काही विचारलं तर सांग, माझ्या काकाला विचारा, त्याचं मत तयार असतं.

तुझा काका,
लामिदी ओयेवुसी
(कोर्ट कारकून, निवृत्त, शिस्तप्रमुख)

ता. क. यंत्राची घाई नाही. खरं तर यंत्र नाही पाठवलंस तरी चालेल. ठराव आमचे होतच असतात.

ता. क. दुसरा. पत्र पाकिटात घातलं होतं, परत काढलं. वर मी लिहिलंय की मग फातोकीने हात वर केला आणि लगेच खाली आला. त्यातलं ‘मग’ खोटं आहे आणि ‘लगेच’ही खोटं आहे. वही माझ्यासमोर आहे. माझ्याच अक्षरात लिहिलंय: फातोकी, हात वर, आठ पन्नास. तो पडला नऊ पस्तीसला. पाऊण तास तो माणूस माझ्यापासून चार हातांवर बसला होता आणि मी सभा चालवत होतो. मला वाटलं फुटबॉल. बाई गं, मला खरंच वाटलं फुटबॉल. अल्हाजी बोलत असताना त्याचं तोंड वाकडं झालं तेव्हा आम्ही सगळे हसलो, रोजच्यासारखे. अल्हाजी चिडले, तेही रोजच्यासारखे. तो काहीतरी पुटपुटला, मी म्हटलं, आधी तोंडातला कोला थुंका. नंतर बाक उचलला तेव्हा बघितलं, कोला त्याच्या टोपीत होता, न चावलेला. त्याने हात खाली घेतला, पुन्हा वर केला, दुसऱ्यांदा डावा. वहिनींना मी सांगितलं की काही बोलला नाही. बोलला. जिभेला ओझं बांधल्यासारखं, पण मला कळेल इतपत बोलला. ‘लामिदी,’ म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा, ‘लामिदी.’ माननीय शिस्तप्रमुख न म्हणता नुसतं नाव घेतलं, आणि तेही पाळी नसताना, म्हणून मी घंटा वाजवून दंड लावला. फळ्यावरचा दंड जुना नाही. वहिनींनी ज्याची गोणी डोक्यावरून आणली तो हाच. चौतीस वर्षं त्या हाताने मालगाड्या थांबवल्या. मी एक सभा थांबवली नाही.

आणि त्या वेळी कोण बोलत होतं, ते वर मी दोन शब्दांत उरकलंय. मी बोलत होतो. तीन मिनिटांचा नियम माझा, पण स्वतःच्या भाषणाला घड्याळ कोण लावतो? सिदीची आई म्हणते चौदा मिनिटं. विषय तू होतीस. जाणाऱ्यांच्या आईबापांना ओलीस ठेवा म्हटल्यावर मला राहवेना. मी सांगत होतो की माझी पुतणी तिकडे नुसता चेहरा बघून ओळखते, तोंड कोणत्या बाजूला ओढलंय, हात कोणता जड झालाय, आणि एकेक मिनिट मोजते, म्हणून तिकडची माणसं जगतात. हे सगळं मी उभं राहून, हातवारे करून, छान सांगितलं. टाळ्या पडल्या. हे तुला टोचायला लिहीत नाही पोरी. तुझं कौतुकच करत होतो. मग मी ठराव मताला टाकला. बाजूने कोण, म्हणून विचारलं आणि हात मोजले. फातोकीचा हात वरच होता. मी त्याचं मत बाजूने धरलं. एकमत असं झालं.

काकूने रविवारी वही वाचली, तेव्हापासून ती बोलत नाही. पान फाडून टाका असंही म्हणत नाही.

ता. क. तिसरा, आणि हाच खरा. बाकीचं सगळं यासाठी लिहिलं. तू रोज असले रुग्ण बघतेस. मला एवढंच सांग, पाऊण तास म्हणजे किती? आठ पन्नासला मी घंटा खाली ठेवली असती तर तो बोलला असता का? इंजेक्शन तसंही नव्हतं, रांग तशीही होती, हे मला सांगू नकोस. ते मला पंधरा जण रोज सांगतात. इंजेक्शन नव्हतं हे सरकारचं पाप. ती रांग ज्याची असेल त्याचं पाप. पाऊण तास माझा आहे, त्याचंच विचारतोय. डॉक्टरला वेळही मी खोटी सांगितली, ती त्या फॉर्मवर तशीच आहे. त्याने काही बिघडलं असेल तर तेही लिही. जाऊन बदलून येईन, रखवालदार काय म्हणायचं ते म्हणू दे. अबेनीवहिनींना काय सांगू हेही सांग. त्या शेवटचा शब्द शोधतायत आणि तो माझ्याकडे आहे.

हल्ली सभा वॉर्डातच भरते, त्याच्या खाटेभोवती. अल्हाजी पुठ्ठ्याने वारा घालतात. घंटा मी नेत नाही. काल फुटबॉलचा विषय आम्ही मुद्दाम पहिला घेतला, त्याला ऐकायला बरं वाटेल म्हणून. इफेआदी गोलकीपरबद्दल काहीतरी बोलत होता, तेवढ्यात फातोकीने डावा हात वर केला. सगळे एकदम गप्प झाले. शेजारच्या खाटेवरचे लोकही गप्प झाले. आम्ही थांबलो, किती वेळ ते मी लिहून ठेवलं नाही. त्याचे ओठ हलले, आवाज आला नाही, मग त्याने हात खाली घेतला. माझ्याकडे बघत होता की माझ्या मागच्या खिडकीकडे, मला सांगता येत नाही. माझा एक डोळा अधू आहे, ते तुला माहीत आहेच.

फोन करू नकोस, शिंपी ऐकतो. पत्रच लिही, आणि खरं लिही. खोटं लिहायचं ठरवलंस तर मला कळणार नाही असं लिही. मी हात वर करून बसलोय.